वाचकांचे प्रश्न : तिरफळाचे झाड, स्वयंपाकात आणि औषधात

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या कोकणी स्वयंपाकाविषयी लिहिताना तिरफळाचा उल्लेख मी एका ओळीत केला होता. त्या ओळीवर वाचकांची इतकी पत्रे आली की या वेळचे सदर केवळ तिरफळासाठी ठेवावे लागले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : बांगड्याच्या आमटीत तिरफळे घातली, पण आमटी कडू झाली आणि खाताना दाताखाली वाळू आल्यासारखे वाटले. दुकानदाराने वाळलेली तिरफळे दिली होती. ती मी खोबऱ्याबरोबर बारीक वाटून घेतली. माझे काय चुकले? (एक वाचक, नाशिक)

तिरफळे वाटून घेतली, हीच चूक झाली. घाटावरच्या स्वयंपाकात मसाला म्हटला की तो भाजून, वाटून किंवा कुटून घालायचा, अशी हाताला सवय असते आणि त्या सवयीने तिरफळही वाटपात जाते. तिरफळाचा सगळा गुण त्याच्या बाहेरच्या टरफलात असतो. त्या टरफलात सुगंधी तेलाचे बारीक बारीक कोश असतात. लिंबाची साल नखाने दाबल्यावर जसा वासाचा फवारा उडतो, तसाच प्रकार इथे आहे, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. फळ वाळले की ते उकलते आणि आत एक काळे, चकचकीत, गोल बी दिसते. या बीला मसाल्याची चव नसते. ते अतिशय टणक असते आणि वाटले की त्याची कचकच होते. आपल्या दाताखाली आलेली वाळू म्हणजे हेच बी. वाळलेले तिरफळ वापरण्यापूर्वी प्रत्येक फळातले काळे बी आणि त्याला चिकटलेला देठ काढून टाकावा. हे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळता येत नाही. पूर्वी घरातली मुले आणि वृद्ध माणसे सुपात तिरफळे घेऊन हे निवडण्याचे काम करत बसत.

कडवटपणाचे दुसरे कारण म्हणजे उकळी. सुगंधी तेले उष्णतेने उडून जातात आणि टरफल मात्र मागे राहून आपला तुरटकडूपणा रश्शात सोडत राहते. त्यामुळे तिरफळ शेवटी घालायचे असते. पाच-सहा मध्यम बांगड्यांसाठी आठ ते दहा तिरफळांची निवडलेली टरफले पुरतात. ती खलात फक्त चेचावीत, पूड करू नये, आणि अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. अर्ध्या नारळाचे ओले खोबरे, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, हळद आणि थोडी चिंच यांचे वाटप करून ते पातेल्यात उकळू द्यावे. मग मीठ आणि बांगड्याच्या तुकड्या घालाव्यात. मासा शिजत आला की चेचलेली तिरफळे त्यांच्या पाण्यासकट ओतावीत, एक हलकी उकळी येऊ द्यावी आणि झाकण ठेवून आंच बंद करावी. आमटी निदान पंधरा-वीस मिनिटे तशीच मुरू द्यावी, कारण तिरफळाचा स्वाद या वेळातच रश्शात उतरतो. वरून चमचाभर कच्चे खोबरेल घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती मला योग्य वाटते, कारण तिरफळातली सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात.

ओली, हिरवी तिरफळे मिळाली तर काम आणखी सोपे होते. त्यांतले बी अजून कोवळे असते, त्यामुळे सबंध घोस देठापासून सोडवून फळे तशीच हलक्या हाताने चेचून घालतात. जेवताना ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तिरफळ घातलेल्या पदार्थात गरम मसाला घालू नये. लवंग, दालचिनी आणि बडीशेप यांचा जड वास तिरफळाच्या लिंबासारख्या हलक्या सुगंधाला पूर्ण झाकून टाकतो आणि मग तिरफळ घातल्याचा काही उपयोग राहत नाही. लसणाबाबतही मी हेच म्हणेन, जरी काही घरांत लसूण आणि तिरफळ एकत्र घालतात. बांगडा आणि तारली या माशांत मुळातच तेल जास्त असते आणि त्यांचा वासही उग्र असतो. तिरफळाची जोड त्यांच्याशी जमली ती यामुळेच. पापलेटासारख्या सौम्य माशात मात्र तिरफळ वरचढ ठरते.

प्रश्न : आम्ही मासे खात नाही. शाकाहारी स्वयंपाकात तिरफळ कुठे वापरता येईल? (एक वाचक, सांगली)

तिरफळ माशांसाठीच असते, हा समज घाटावर आहे. कोकणात आणि गोव्यात तो नाही. गोव्यातले खतखते हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. सणावारी, विशेषतः गणेश चतुर्थीला होणाऱ्या या मिश्र भाजीत कंद, शेंगा, भोपळा, कणीस अशा अनेक भाज्या तूरडाळ आणि खोबऱ्याच्या वाटपाबरोबर शिजवतात आणि शेवटी तिरफळांचे पाणी घालतात. कांदा-लसूण नसलेल्या या पदार्थाला ओळख मिळते ती तिरफळामुळे. मोड आलेल्या मुगाच्या गाठीत, म्हणजे मुगागाठीतही तिरफळ घालतात. आपल्या घरात पहिल्यांदा वापरून पाहायचे असेल तर तूरडाळीच्या साध्या आमटीपासून सुरुवात करावी. डाळ, ओले खोबरे, लाल मिरची, दोन-तीन आमसुले आणि चार तिरफळांची टरफले एवढेच घालावे आणि फोडणी अगदी हलकी ठेवावी. चव पटली तर पुढच्या वेळी काळ्या वाटाण्याच्या किंवा चवळीच्या आमटीत घालून पाहावे. ताकाच्या कढीत घालण्याचा प्रयोग मी केला आहे. तो मला आवडला नाही. दुधाच्या आंबटपणापेक्षा कोकमाचा किंवा चिंचेचा आंबटपणा तिरफळाला मानवतो.

प्रश्न : तिरफळ आणि त्रिफळा एकच का? ऑनलाइन तिरफळ मागवले तर त्रिफळा चूर्ण आले. शिवाय एका ठिकाणी तिरफळालाच सिचुआन मिरी म्हटले आहे. (दोन वाचक, पुणे)

तिरफळ आणि त्रिफळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचे मिश्रण, आणि ते औषध आहे. तिरफळ हे एकाच झाडाचे, मिऱ्यापेक्षा जरा मोठे फळ आहे. गोव्यात आणि कारवारकडे त्याला तेफळ किंवा तेप्पळ म्हणतात आणि कोकणात काही ठिकाणी चिरफळ हेही नाव आहे. मागवताना ‘मसाल्याचे तिरफळ, अख्खे’ असे स्पष्ट लिहावे. अख्खे मागवले तर चूर्ण येण्याचा प्रश्न राहत नाही.

सिचुआन मिरीबाबतचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण ती तिरफळाची सख्खी भावकी आहे. वनस्पतिशास्त्रात तिरफळाला झँथॉक्सायलम ऱ्हेत्सा म्हणतात. झँथॉक्सायलम या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थ पिवळे लाकूड असा आहे. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी, जपानमधली सान्शो आणि उत्तराखंड व नेपाळमधली टिमूर ही सगळी याच वंशातली पण वेगवेगळ्या जातींची झाडे आहेत. नावात मिरी असली तरी काळ्या मिऱ्याशी यांपैकी कोणाचेच नाते नाही. ही सगळी लिंबू, संत्रे, बेल, कवठ आणि कढीपत्ता यांच्या कुळातली आहेत. हे नाते व्यापारातही किती जवळचे ठरते याचे एक उदाहरण देतो. लिंबूवर्गीय फळबागांवर पडणाऱ्या खैऱ्या रोगाचे जिवाणू या फळांबरोबर देशात येतील, या भीतीने अमेरिकेने 1968 मध्ये सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी घातली आणि ती 2005 मध्ये, फळांवर उष्णतेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर उठवली.

तिरफळ मिळाले नाही तर सिचुआन मिरी किंवा टिमूर वापरता येते, पण प्रमाण निम्मे ठेवावे, कारण त्यांचा झिणझिणाट जास्त असतो. चव मात्र तीच येणार नाही. ज्याने खरी तिरफळाची आमटी खाल्ली आहे, त्याला पहिल्या घासातच फरक कळेल.

प्रश्न : तिरफळ चावले की ओठ आणि जीभ बधिर होतात. ही ॲलर्जी तर नाही ना? (एक वाचक, नागपूर)

नाही. तो या फळाचा स्वभावच आहे. या वंशाच्या झाडांत सॅन्शूल नावाच्या वर्गातली द्रव्ये असतात आणि हे नाव जपानी सान्शोवरूनच पडले आहे. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे आपल्याला भाजल्यासारखे वाटते. सॅन्शूल मुख्यतः स्पर्श आणि कंपन जाणवणाऱ्या तंतूंना चेतवते. लंडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि ओठांत जाणवणाऱ्या थरथरीची तुलना बोटावर दिलेल्या यांत्रिक कंपनाशी करायला सांगितली. ती थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी भरली. ओठ प्रत्यक्षात हलत नव्हते, पण मेंदूला मात्र स्पर्शाचीच बातमी पोहोचत होती. हा प्रयोग वाचला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण लहानपणी आम्ही तिरफळ चावून ‘जिभेला मुंग्या आल्या’ म्हणत असू आणि त्या शब्दांत नेमकेपणा होता.

हा परिणाम साधारणपणे पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो. ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती मात्र ॲलर्जी समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : तिरफळाचे औषधी उपयोग कोणते? दातदुखी, अपचन आणि मधुमेहावर याच्या सालीचा काढा घ्यावा, असा संदेश मोबाईलवर फिरतो आहे. (अनेक वाचक)

या प्रश्नाचे उत्तर मला जरा विस्ताराने आणि सावधपणे द्यावे लागेल, कारण औषधाच्या बाबतीत अर्धवट माहिती स्वयंपाकातल्या चुकीइतकी स्वस्त पडत नाही.

आधी परंपरेचे पाहू. जड, तेलकट मासा किंवा वातूळ कडधान्ये यांच्याबरोबर तिरफळ घालण्यामागे स्वादाइतकाच पचनाचा विचार आहे, असे कोकणातल्या जुन्या बायका सांगतात. सुगंधी तेले असलेले बहुतेक मसाले, ओवा आणि हिंग यांच्याप्रमाणे, पोटातला वायू सरायला मदत करतात असा अनुभव आहे आणि तिरफळ त्यांतलेच एक आहे. तिरफळाच्या तेलात सॅबिनीन, लिमोनीन आणि टर्पिनीन-4-ऑल अशी द्रव्ये आढळतात, आणि यांतली काही लिंबूवर्गीय सालींत व मसाल्यांतही असतात. जेवणातून जेवढे तिरफळ पोटात जाते, तेवढे निरोगी माणसाने निर्धास्तपणे घ्यावे.

दातदुखीवर टरफल दाढेखाली धरण्याचा उपाय खरोखर जुना आहे आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत याच वंशातल्या दोन झाडांना तिथले लोक दातदुखीचे झाड म्हणूनच ओळखतात आणि हिमालयाच्या भागात टिमूरच्या काड्या दातवणासाठी वापरतात. अर्धे टरफल दुखऱ्या दाढेजवळ धरले तर तो भाग बधिर होतो आणि रात्र निघून जाते. पण दाढ किडलेली असेल किंवा मुळाशी पू झाला असेल, तर बधिरपणाने आतला रोग थांबत नाही. दुखणे कळेनासे झाल्यामुळे माणूस दंतवैद्याकडे जायचे लांबवतो आणि नुकसान वाढते. म्हणून हा उपाय दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच समजावा. लहान मुलांच्या तोंडात तिरफळ मुळीच देऊ नये, कारण बधिर झालेली जीभ आणि गाल ती चावून घेतात.

आयुर्वेदाच्या निघंटूंत ‘तुंबरू’ या नावाने एका फळाचे गुण सांगितले आहेत आणि अनेक जण ते गुण जसेच्या तसे तिरफळाला लावतात. आजचे वैद्य तुंबरू म्हणून सहसा हिमालयातले टिमूर, म्हणजे झँथॉक्सायलम आर्मेटम घेतात. दोन्ही झाडे जवळची असली तरी एकाचे पाठ दुसऱ्याला लावणे मला योग्य वाटत नाही. औषधात जातीतला फरक स्वयंपाकापेक्षा फार महत्त्वाचा असतो.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या काही आदिवासी समाजांत या झाडाच्या खोडावरचे काटे दगडावर पाण्यात उगाळून तो लेप स्तनदा मातांच्या दुखऱ्या स्तनांवर लावण्याची पद्धत नोंदवली गेली आहे. लोकज्ञान म्हणून ही नोंद मोलाची आहे. पण स्तन लाल होऊन ताप येत असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि तेव्हा लेपावर थांबू नये.

आता सालीच्या काढ्याविषयी. खोडाच्या सालीत अल्कलॉइड वर्गातली द्रव्ये असतात आणि ती टरफलातल्या सुगंधी तेलापेक्षा वेगळी आहेत. फळ स्वयंपाकात चालते म्हणून सालही पोटात घेतलेली चालते, असा अर्थ यातून काढता येत नाही. मधुमेहाबाबतचे जे दावे फिरतात, ते परीक्षानळीत किंवा प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांवरून उचललेले असतात आणि तिथून माणसाच्या औषधापर्यंतचा रस्ता फार लांब आहे. हा काढा घेऊन कोणीही आपल्या गोळ्या बंद करू नयेत. गर्भवती स्त्रियांनी, पोटात अल्सर असणाऱ्यांनी आणि रोज औषधे घेणाऱ्यांनी तिरफळाचा काढा, अर्क किंवा तेल डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय साल काढण्यासाठी खोड सोलले की झाड मरते, आणि एका फिरत्या संदेशासाठी रानातली जुनी झाडे सोलली जाणे मला सहन होणारे नाही.

प्रश्न : चांगले तिरफळ कसे ओळखावे आणि वर्षभर कसे ठेवावे? (एक वाचक, ठाणे)

टरफल तांबूस तपकिरी, पूर्ण उकललेले आणि कुरकुरीत असावे. काळ्या बिया जितक्या कमी, तितका माल चांगला, कारण बियांचे वजन जास्त भरते आणि पैसे त्यांचेच जातात. दोन टरफले तळहातावर चोळून वास घ्यावा. लिंबाच्या सालीसारखा वास आला तर घ्यावीत, आणि नुसता पेंढ्यासारखा वास आला तर ती जुनी समजावीत. घरी आणल्यावर बिया आणि देठ काढून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावीत. पूड करून कधीही ठेवू नये. ओली तिरफळे पावसाळ्याच्या अखेरीस कोकणातल्या बाजारांत घोसांनी येतात. ती मिठाच्या पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवली तर बरेच महिने हिरवा स्वाद देतात.

प्रश्न : परसात तिरफळाचे झाड लावायचे आहे. गावच्या रानात एक काटेरी झाड आहे, ते तिरफळाचेच असेल का? (एक वाचक, कणकवली)

खोडावर काटे आहेत म्हणून ते तिरफळ असेलच असे नाही. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरही जाड, शंकूसारखे काटे असतात. पानांवरून फरक लगेच कळतो. सावरीच्या पानाच्या पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एका बिंदूतून पसरतात, तर तिरफळाच्या पर्णिका कडुलिंबासारख्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात. पान उजेडाकडे धरले की तेलग्रंथींचे पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळले की लिंबाचा वास येतो. हा वास आला की शंका उरत नाही.

लावण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिरफळात नरफुले आणि मादीफुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर येतात. बियांपासून वाढवलेले एकच रोप लावले आणि ते नर निघाले, तर अनेक वर्षे वाट पाहूनही फळ मिळत नाही. त्यामुळे तीन-चार रोपे लावावीत, किंवा फळ देणाऱ्या झाडाच्या फांदीपासून कलम करणारा कोणी जाणकार मिळतो का ते पाहावे. बियांवर तेलकट, कठीण कवच असते आणि ती उशिरा व अनियमित रुजतात. ताज्या बिया वाळूत चोळून कवचावरचा तेलकटपणा घालवावा आणि लगेच पेराव्यात. वर्षभर ठेवलेल्या बियांवर भरवसा ठेवू नये.

झाड उंच होते आणि पुढे त्याच्यावर चढणे धोक्याचे असते. जागा वाटेपासून, मुलांच्या खेळण्यापासून आणि गुरांच्या गोठ्यापासून दूर निवडावी. फळे काढताना वेळूच्या लांब काठीला आकडी बांधून फक्त घोस ओढावेत. सोयीसाठी सबंध फांद्या तोडण्याची पद्धत आहे, पण तोडलेल्या फांदीवर पुढच्या वर्षी फळ येणार नाही, हे उघड आहे.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर अळ्या दिसल्या तर लगेच औषध फवारू नये. शेपटीवाल्या मोठ्या फुलपाखरांच्या काही जाती लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. सह्याद्रीत आढळणारे आणि केरळने 2018 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले, मलयाळममध्ये ‘बुद्धमयूरी’ म्हणून ओळखले जाणारे देखणे फुलपाखरू तर अंडी घालण्यासाठी तिरफळाचेच झाड शोधते. चांगल्या वाढलेल्या झाडाला या अळ्यांनी खाल्लेली पाने महिन्याभरात पुन्हा येतात. रोप अगदी लहान असेल तर अळ्या हलक्या हाताने उचलून जवळच्या मोठ्या तिरफळावर सोडाव्यात.